सांधा न दिसणारी नक्षी

नक्षीकार विल्यम मॉरिसचा १८७५ सालचा ‘अकँथस’ हा वॉलपेपर लंडनच्या जेफ्री अँड कंपनीत हाताने छापला जाई. त्यासाठी १५ रंग आणि तब्बल ३० लाकडी ठसे लागत. एकेका ठशावर नक्षीचा थोडाच भाग कोरलेला असे. एक रंग वाळला की दुसऱ्याची पाळी. ठशाच्या कोपऱ्यांवरच्या बारीक खिळ्यांच्या खुणा कागदावर उमटत आणि पुढचा ठसा त्या खुणांवर नेमका बसवायचा. तो किंचित जरी सरकला, तरी पानाची कड आणि पानाचा रंग यांची फारकत झालीच.

पण खरी कसोटी त्याआधीची, चित्र काढतानाची. नक्षी वर-खाली आणि दोन्ही बाजूंना स्वतःलाच जुळावी लागते. उजव्या कडेला तुटलेला देठ डाव्या कडेला त्याच उंचीवर सुरू व्हायला हवा. शेजारची पट्टी नक्षीच्या निम्म्या उंचीने खाली सरकवली, तर तेच फूल एका आडव्या रेषेत येत नाही, तिरके चढत जाते आणि नजर सांध्यावर अडत नाही.

जोडणी तपासण्याची एक साधी युक्ती आहे. चित्राचे चार समान तुकडे करून ते असे अदलाबदल करायचे, की बाहेरच्या कडा मधोमध येतील. तिथे पडलेली मोकळी जागा लगेच डोळ्यांत खुपते. ती आत्ताच भरावी, कारण भिंतीवर तिचाच पट्टा होतो.