गाविलगडावर अम्मीही आल्या

चिखलदऱ्याला जाणारी आपली बहुतेक कुटुंबे गाडीतून पॉइंट पाहतात, फोटो काढतात आणि परततात. बायका तर अनेकदा गाडीतून उतरतही नाहीत. यंदा हिवाळ्यात आर्णीहून अमरावती, परतवाडामार्गे गेलो, तेव्हा आम्ही गाविलगड पायी पाहायचे ठरवले. सोबत साठी ओलांडलेल्या अम्मी आणि त्यांचे दुखरे गुडघे.

मेळघाटच्या जंगलात वाटेल तिथे पायी हिंडता येत नाही. वाघांचा मुलूख आहे. किल्ल्याची वाट मात्र सोपी. चिखलदराच सुमारे १,१०० मीटर उंचीवर, त्यामुळे फार चढावे लागत नाही. अम्मी प्रत्येक दरवाज्याशी टेकत, तसबीह फिरवत आल्या. बुरखा कुठेच अडला नाही, अडली ती चप्पल. बूटच घाला. पिण्याचे आणि वुजूचे पाणी गावातूनच न्या, आणि असरच्या आधी परत फिरा.

पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाने हा गड बांधवला. १८०३ मध्ये वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो घेतला. आत कमानींची जुनी, पडकी मशीद आहे. तिच्यासमोर अम्मी बराच वेळ उभ्या राहिल्या.

"चार वेळा आले मी चिखलदऱ्याला," त्या म्हणाल्या, "हे कुणी दाखवलंच नाही."