सामूहिक क्रीडाप्रकारांतील दुखापतींचा प्रतिबंध : दहीहंडीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील कांजूरमार्गसारख्या भागात गोविंदा पथक म्हणजे व्यावसायिक संघ नव्हे, तर चाळीतील व वस्तीतील तरुणांचे मंडळ होय. दिवसा नोकरी वा शिक्षण आणि रात्री मोकळ्या जागेत थरांचा सराव, असे त्याचे स्वरूप असते. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. त्यामुळे या उत्सवाचा विचार क्रीडाविज्ञानाच्या दृष्टीने करणे अगत्याचे ठरते. क्रीडा-दुखापतींच्या प्रतिबंधाविषयीचे संशोधन दहीहंडीस कसे लागू करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संशोधनाची चौकट

विलेम व्हान मेखेलेन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रतिबंधाचे चार टप्पे मांडले : दुखापतींचे प्रमाण मोजणे, त्यांची कारणे शोधणे, उपाय योजणे आणि पुन्हा मोजमाप करून उपायाचा परिणाम तपासणे. कॅरोलिन फिंच यांनी २००६ मध्ये या मांडणीचा विस्तार केला. प्रयोगाच्या नियंत्रित परिस्थितीत यशस्वी ठरलेला उपाय प्रत्यक्ष मैदानावर वापरला जातोच असे नाही. म्हणून खेळाडू, संघटक व स्थानिक परिस्थिती यांचा अभ्यास हाही संशोधनाचाच भाग होय, असे त्यांनी प्रतिपादिले.

दुखापतींचे स्वरूप व मोजमाप

हवेचा विरोध वगळल्यास २० फुटांवरून मुक्तपणे पडणारी व्यक्ती जमिनीवर ताशी सुमारे ३९ किलोमीटर वेगाने आदळते. २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थरांचा ४३.७९ फूट उंचीचा विश्वविक्रम नोंदविला गेला. त्या उंचीवर हा वेग ताशी सुमारे ५८ किलोमीटर होतो. आघाताची ऊर्जा मात्र उंचीच्या सम प्रमाणात, म्हणजे दुपटीहून अधिक वाढते. शिवाय वरचा गोविंदा खालच्यांवर कोसळत असल्याने धोका केवळ शिखरावरील मुलापुरता उरत नाही.

मुंबईहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये २०१२ साली दहीहंडीतील दुखापतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा रुग्णालयीन अभ्यासाचे मोल मोठे आहे. परंतु रुग्णालयातील आकडा हा अंश असतो, छेद नव्हे. किती गोविंदांनी किती वेळा थर रचले, हे ठाऊक असल्याखेरीज दुखापतींचा दर काढता येत नाही. अन्य खेळांत म्हणूनच दर हजार खेळतासांमागे दुखापती मोजण्याची पद्धत आहे. दहीहंडीत तर अनेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो आणि उत्सवाच्या दिवसापुरती घेतलेली नोंद तो सर्व काळ वगळते.

नियमनाचा अनुभव

ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीस २० फुटांची व वयास १८ वर्षांची मर्यादा घातली. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ऑगस्ट २०१७ मध्ये मात्र उच्च न्यायालयाने उंचीचा प्रश्न शासनावर सोपविला व १४ वर्षांखालील मुलांना सहभागी न करण्याची शासनाची हमी नोंदवून घेतली. २०२५ मध्ये ठाण्यात दहा थर लागले. हेल्मेट, सुरक्षा दोर व गाद्या यांचा वापर वाढला असला, तरी आयोजकांचे रोख पारितोषिक थरांच्या संख्येशीच बांधलेले राहिले. फिंच यांनी ज्या स्थानिक परिस्थितीकडे लक्ष वेधले, ती येथे प्रामुख्याने पारितोषिकाची आहे. नियम थर कमी करावयास सांगतो आणि बक्षीस ते वाढवावयास सांगते.

कॅटालोनियाचे उदाहरण

स्पेनमधील कॅटालोनिया प्रांतातील ‘कास्टेल’ हे मानवी मनोरे या दृष्टीने उद्बोधक आहेत. २००६ मध्ये एका बालिकेच्या मृत्यूनंतर वरच्या थरांतील मुलांसाठी हेल्मेटचा वापर रुजला. हे हेल्मेट डोके वाचविते. शिवाय मऊ असल्याने खालच्या सहकाऱ्यांना इजा करीत नाही. त्याहून महत्त्वाची आहे ती गुणपद्धती. तेथील स्पर्धेत मनोरा केवळ रचल्यास कमी गुण मिळतात आणि तो न कोसळता सुखरूप उतरविल्यास अधिक. सुरक्षितता हा तेथे विजयाचाच एक भाग आहे.

समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सरावासह सर्व दिवसांची साधी दुखापत-नोंदवही प्रत्येक पथकाने ठेवणे आवश्यक आहे. त्यात तारीख, थरांची संख्या, पडलेल्याचा थर, वय, इजेचा अवयव व खेळापासून दूर राहिलेले दिवस एवढ्या नोंदी पुरेशा होत. उपनगरांतील महाविद्यालयांचे शारीरिक शिक्षण विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेची पथके याकामी मंडळांना साहाय्य करू शकतात, कारण या पथकांतील अनेक गोविंदा त्यांचेच विद्यार्थी असतात. दुसरी, सलामीनंतर सुखरूप उतरलेल्या थरांनाच पूर्ण पारितोषिक देण्याची प्रथा आयोजकांनी स्वीकारावी. उंची किती असावी हा वाद न्यायालयात व शासनदरबारी दीर्घकाळ चालला आहे. थर कसा उतरतो याचा विचार मात्र मंडळाच्या मैदानावर आजही सुरू करता येण्याजोगा आहे.