शेवळाच्या दिवसांत कर्जतचं रान

जंगल म्हटलं की आपली गाडी थेट ताडोब्याकडे वळते. वाघ दिसला तर जंगल पाहिलं, नाही तर पैसे वाया! कर्जत-खालापूरच्या रानात हा हिशेब चालत नाही. इथे पायी फिरायचं, तेही ठाकर किंवा कातकरी वाटाड्याच्या मागून. आणि माझं ठाम मत विचाराल तर या रानाचा खरा मोसम जूनचे पहिले दोन-तीन आठवडे. जुलैत धबधब्यांखाली जत्रा भरते, तेव्हा रान बघायला कुणाला सवड असते?

आवश्यक ती माहिती आधी उरकून टाकते. घाटमाथ्याखालच्या या पट्ट्यात वर्षाला 3000 मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे डोंगरउतारांवर निमसदाहरित रान टिकून आहे. शेकरूसाठी प्रसिद्ध असलेलं भीमाशंकर अभयारण्य 1985 सालचं, सुमारे 130 चौरस किलोमीटरचं. कर्जत तालुक्यातल्या खांडसहून गणेश घाट आणि शिडी घाट या दोन वाटा तिकडे चढतात. माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. झालं.

आता शेवळं! वळवाच्या सरी पडून गेल्या की पालापाचोळ्यातून जांभळट, बोटभर जाडीचे कोंब वर येतात. पान एकही नाही. जमिनीखालच्या कंदाने साठवलेल्या अन्नावर आधी फुलोरा येतो, पान नंतर. मी पहिल्यांदा या दिवसांत गेले तेव्हा शेवळांच्या अगदी शेजारून चालत होते, तरी मला एकही दिसलं नाही. वाटाड्यामामांनी काठीने पाला बाजूला सारला आणि एकदम पाच-सहा दिसली. मी वाकून हात पुढे केला, तर म्हणाले, “ताई, हात नका लावू. दिवसभर खाजवत बसाल.”

ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची. सुरणही याच कुळातला, म्हणून तोही खाजतो. फुलोऱ्याची रचना मोठी हुशारीची आहे. एकाच दांड्यावर खाली मादी फुलं आणि वर नर फुलं. मादी फुलं आधी पक्व होतात, नर फुलांचे परागकण नंतर सुटतात. त्यामुळे स्वतःचेच पराग स्वतःला लागत नाहीत. कुजकट वासाला भुलून आलेले कीटक एका शेवळाचे पराग दुसऱ्याकडे नेतात.

आणि असली ही खाजरी वस्तू आपण आवडीने खातो! दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून काकडाच्या आंबट फळांच्या रसात शिजवायचं. सीकेपी घरांत त्यात कोलंबी किंवा खिमा पडतो. मी कोलंबीच्या बाजूची. कर्जत स्टेशनाबाहेर ठाकर बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, आणि काकडं सोबत मिळतातच. शेवळं विकून काकडं न देणारी विक्रेती मी पाहिलेली नाही. त्या वरचा कोंब तेवढा मोडून घेतात, कंद जमिनीतच राहतो, म्हणून पुढच्या वर्षी तिथेच शेवळं सापडतात. अर्थात सगळेच कोंब मोडले तर बी धरणार कशावर, हा प्रश्न उरतो. मामा प्रत्येक जागी थोडी शेवळं सोडून देतात. अभयारण्याच्या हद्दीत मात्र फक्त पाहायचं, तोडायचं काही नाही.

अंधार पडला की भातखाचरांत बैलबेडूक ओरडू लागतात. एरवी मातकट दिसणारे नर या दिवसांत हळदीसारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवतात. कोंदिवडेहून राजमाचीला चढणाऱ्या वाटेवर काजवे दिसतात. याच वाटेवर कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाजवळच्या एका भग्न मूर्तीवर कन्हाचा शिष्य बालक याचं नाव कोरलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आपल्याला वाचता यावं, याचं मला दरवेळी नवल वाटतं. असो. काजव्याची अळी ओल्या पालापाचोळ्यात राहते आणि गोगलगायी खाते. म्हणजे पाला जाळला की काजवे संपले. नराने उडताना दिलेल्या इशाऱ्याला मादी प्रकाशानेच उत्तर देते. मोबाइलचे दिवे आणि गाड्यांचे हेडलाइट या संवादात थेट व्यत्यय आणतात. शनिवारी रात्री गाड्यांची रांग लावून काजवे दाखवणाऱ्या सहली माझ्या मते बंद व्हायला हव्यात.

पाऊस जोरावर आला की मात्र थांबावं. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेतली ठाकरवाडी गाडली गेली. इर्शाळगडाकडे जाणारे कित्येक जण याच वाडीतून पुढे जात. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये शिडी घाटाचा हट्ट नको. वाटाड्या “आज नको” म्हणाला तर मुकाट्याने परत फिरावं.

जायचं तर पाच-सहा जणांनीच जा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, बॅटरीवर लाल कागद लावा, अभयारण्यात जाताना वनखात्याकडे आधी चौकशी करा. आणि वाटाड्याचे पैसे निघण्यापूर्वी ठरवा, घासाघीस न करता.