पाऊस शहाद्यात की तळोद्यात?

मे महिना. धडगावच्या डोंगरात घराघरापुढे कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या असतात. त्यांचा आमचूर होणार असतो. अशात हवामान खात्याचा अंदाज येतो: नंदुरबार जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, वारे ताशी ३० ते ४० किलोमीटर, पिवळा इशारा. आता फोडी उचलायच्या की राहू द्यायच्या? ‘तुरळक’ म्हणजे आमच्याकडे की शेजारच्या गावात? एवढे उपग्रह आणि रडार असताना सरळ गावाचं नाव का सांगत नाहीत बुवा?

राग येण्याआधी एक ढग तयार करून बघू. (मनातल्या मनात हं!)

तापीकाठच्या शहादा-तळोद्याच्या सपाटीवर उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तापलेली हवा हलकी होऊन वर उठते. पश्चिमेला अरबी समुद्र फार लांब नाही; तिकडून दमट हवा आली की ढगाला लागणारी वाफ मिळते. उत्तरेला सातपुडा आडवा उभा. तोरणमाळ तर हजार मीटरहून उंच! डोंगराला भिडलेल्या हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. वर गारवा असतो, तिथे वाफेचे थेंब होतात. थेंब होताना वाफेतली उष्णता बाहेर पडते, हवा आणखी गरम होते आणि आणखी वर धावते. दुपारी कापसासारखा दिसणारा ढग संध्याकाळपर्यंत १०-१२ किलोमीटर उंच होऊ शकतो. म्हणजे एव्हरेस्टपेक्षाही उंच!

त्याच्या पोटात बर्फाचे हलके कण वर जात असतात आणि बारीक गारा खाली येत असतात. दोघांच्या सतत टकरा होतात. टकरीत हलक्या कणांवर धन आणि गारांवर ऋण विद्युतभार जमतो. भार फार साठला की वीज चमकते. तिच्या वाटेतली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! हवा धाडकन फुगते, तोच कडकडाट. वीज काही किलोमीटर लांब असते, म्हणून तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो आणि लांबच्या टोकाचा नंतर. गडगडाट लांबत जातो तो त्यामुळे.

आता खरी गंमत. असा एकटा ढग काही किलोमीटरच रुंद असतो आणि साधारण तासाभरात संपतो. त्याला संपवतो त्याचाच पाऊस! पावसाबरोबर थंड हवा खाली कोसळते आणि ढगाला वर पोसणारी गरम हवा तोडून टाकते. ही थंड हवा जमिनीवर चहूकडे पसरते. अंगणात अचानक गार वारा सुटून मातीचा वास आला, तर जवळपास कुठेतरी पाऊस सुरू झाला आहे असं खुशाल समजा. जाता जाता हा वारा पुढच्या गावातली गरम हवा वर ढकलतो आणि तिथे नवा ढग उभा राहू शकतो.

म्हणून आदल्या दिवशी गावाचं नाव सांगता येत नाही. कढईत ज्वारीच्या लाह्या फुटणार हे नक्की, पण पहिला दाणा कुठला, ते आजीलाही सांगता येत नाही. हवामान खात्याच्या हिशेबात ‘तुरळक’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस. ढग प्रत्यक्ष उभे राहिले की मग रडार पाहून पुढच्या तीन तासांचा इशारा देता येतो. विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲपही आहे.

ॲप नसेल तर आकडे मोजा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागा. जितकं उत्तर, तितके किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ताबडतोब पक्क्या घरात. महूच्या झाडाखाली मुळीच थांबायचं नाही! शेवटचा गडगडाट ऐकल्यावरही अर्धा तास आतच राहायचं. क्रिकेटची उरलेली षटकं त्यानंतर.