परदेशची गोष्ट आणि गांवची बैठक

गोष्ट ऐकण्याची संवय महाराष्ट्राला नवी नाहीं. देवळाच्या सभामंडपांत पुराणिकबुवांनीं कथा लावावी, श्रोत्यांनीं माना डोलवाव्या आणि पोथी संपल्यावर प्रसाद घेऊन घरीं जावें, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. तींत बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक. श्रोत्यानें मध्येंच उठून "बुवा, हें मला पटत नाहीं" असें म्हटल्याचें सहसा ऐकिवांत नाहीं. वाचकमंडळाची रीत याच्या अगदीं उलट आहे. तेथें पुस्तक सर्वांनीं घरीं वाचून यावयाचें आणि बैठकींत बोलावयाचें तेंही सर्वांनींच. मग अशा बैठकींत चर्चा चालविण्याचें काम जो आपण होऊन पत्करतो, त्याच्याकडे उरतें तरी काय? आणि चर्चेस घेतलेली कथा परदेशची असेल, तर त्याच्या कामांत कोणती भर पडते? या प्रश्नांचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

सातारा आणि सांगली यांना हा विचार परका वाटण्याचें कारण नाहीं. सांगलीचें नगर वाचनालय १८६९ सालचें. साताऱ्याचें नगर वाचनालय थोरल्या प्रतापसिंह महाराजांचें नांव धारण करून उभें आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानें खेड्यापाड्यांतील लहान ग्रंथालयांनाही सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. ४ मे २०१७ रोजीं महाबळेश्वर तालुक्यांतील भिलार हें 'पुस्तकांचें गांव' म्हणून जाहीर झालें, आणि तेथें लोकांच्या राहत्या घरांतून व देवळांतून मराठी पुस्तकें वाचकांसाठीं मांडण्यांत आलीं. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचा पूर सांगली शहरांत शिरला, तेव्हां तेथील नगर वाचनालयाचे पुष्कळ ग्रंथ पाण्यांत गेले. त्या हानीची हळहळ शहरानें मनापासून केली. अर्थात् पुस्तकांविषयींची आस्था या भागांत आहेच. उणीव असलीच तर ती वाचलेल्या पुस्तकाविषयीं चार माणसांत बसून बोलण्याची.

अशा बोलण्याची पद्धति अन्यत्र विचारपूर्वक घडविली गेली आहे. स्वीडनमध्यें १९०२ साली लुंड येथें ऑस्कर ओल्सन यांनीं 'अभ्यासवर्तुळ' सुरू केलें. कामकरी माणसांनीं वर्गणी काढून पुस्तकें घ्यावीं, एकत्र बसून त्यांची चर्चा करावी, आणि त्यांच्यांतीलच एकानें ती चालवावी, अशी ती योजना. पुढें त्याच पुस्तकांतून अनेक ठिकाणीं लहान ग्रंथालयें उभीं राहिलीं. अमेरिकेंत शिकागो येथें १९४७ साली रॉबर्ट हचिन्स व मॉर्टिमर ॲडलर यांच्या पुढाकारानें 'ग्रेट बुक्स फाउंडेशन' ही संस्था निघाली. तिनें सामान्य नागरिकांतून स्वयंसेवक चर्चाचालक तयार केले. त्यांच्यासाठीं ठरविलेले नियम थोडे व सोपे आहेत. पुस्तक वाचलें असेल त्यानेंच चर्चेंत भाग घ्यावा. आपलें मत पुस्तकांतील आधार दाखवून मांडावें. बाहेरच्या थोर टीकाकारांचे दाखले देऊन दुसऱ्याचें तोंड बंद करूं नये. आणि चालकानें फक्त प्रश्न विचारावे, उत्तरें देऊं नयेत.

यांतला शेवटचा नियम सुशिक्षित माणसाला सर्वांत जड जातो. ज्यानें आयुष्यभर फळ्यापुढें उभें राहून अर्थ सांगितला, त्याला सभेंतली शांतता सहन होत नाहीं. कोणी दोन क्षण थांबलें कीं तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो, आणि पाहतां पाहतां वाचकमंडळाचा पुन्हां वर्ग होतो. शिवाय शाळेंतील प्रश्नाचें उत्तर मास्तरांना आधींच ठाऊक असतें, म्हणून मुलें तें उत्तर शोधीत नाहींत, मास्तरांच्या मनांत काय आहे तें शोधतात. चर्चाचालकाचा प्रश्न असा असावा कीं ज्याचें उत्तर त्याच्या स्वतःच्या मनाशींही अद्याप पक्कें झालेलें नाहीं. असे आठ-दहा प्रश्न हातीं लागण्यासाठीं त्यानें पुस्तक किमान दोनदां वाचावें, आणि जेथें आपण अडलों तेथें खूण करून ठेवावी.

एका उदाहरणानें हें स्पष्ट होईल. 'माणसाला जमीन लागते तरी किती?' ही टॉल्स्टॉयची १८८६ सालची गोष्ट पुष्कळांच्या परिचयाची आहे. पाहोम हा गरीब शेतकरी. शेजारच्या जमीनदारीणबाईचा कारभारी त्याला जनावरें शेतांत शिरल्याबद्दल वरचेवर दंड करतो. त्या जाचांतून स्वतःच्या जमिनीची ओढ त्याच्या मनांत वाढते. जमीन मिळतांच तोच पाहोम शेजाऱ्यांना जनावरांवरून कोर्टांत खेंचूं लागतो. अखेर तो दूरच्या बाश्किर लोकांच्या मुलखांत जातो. तेथला सौदा असा कीं हजार रुबल द्यावे आणि सूर्य मावळण्याच्या आंत पायीं जेवढ्या जमिनीला वळसा घालून मूळ जागीं परत येतां येईल, तेवढी आपली. पाहोम लांब जातो, धांवत परततो, आणि सूर्यास्ताच्या क्षणीं कोसळून मरतो. आपल्याकडे ज्याला साडेतीन हातांचा देह म्हणतात, तो पुरण्यापुरतीच जमीन त्याला शेवटीं लागते.

चालकानें "या गोष्टीचें तात्पर्य काय?" असें विचारलें, तर पांच मिनिटांत सर्वजण "हांव वाईट" असें म्हणून मोकळे होतील, आणि पुढें बोलण्यासारखें कांहीं उरणार नाहीं. तेंच त्यानें विचारावें कीं पाहोमची हांव नेमकी कोठें सुरू झाली? कारभाऱ्याच्या दंडाला कंटाळून त्यानें जमीन मागितली ती हांव म्हणावयाची काय? येथें सभा दुभंगते, आणि सातारा-सांगलीकडे तर ती दुभंगल्यावांचून राहणार नाहीं. मुंबई राज्याचा कुळकायदा १९४८ सालचा. त्यांतील पुढील दुरुस्तीप्रमाणें १ एप्रिल १९५७ पासून कसणारीं कुळें जमिनीचीं मालक मानलीं गेलीं. ज्यांच्या आजोबांना त्या दिवशीं जमीन मिळाली आणि ज्यांच्या आजोबांची त्या दिवशीं गेली, अशा दोन्ही घरचीं माणसें आज एकाच बैठकींत शेजारीशेजारी बसूं शकतात. एकाला पाहोमची ओढ ही स्वाभिमानाची भूक वाटेल, तर दुसऱ्याला गेलेल्या वतनाची आठवण होईल.

परदेशी कथेचें मोल येथें कळतें. कुळकायदा न्याय्य होता कीं नव्हता, असा विषय सरळ मांडला तर मनें दुखावतील आणि दोन माणसें उठून जातील. पाहोम मात्र कोणाच्या भावकींतला नाहीं. त्याचा न्यायनिवाडा करतांना कोणाच्या घराण्याचा अपमान होत नाहीं, आणि तरीही जें बोलावयाचें तें मनांतलेंच बोललें जातें. अर्थात् धोका पुरता टळला असें नव्हे. बोलतां बोलतां कोणाच्या तोंडून "तुमच्या आजोबांनीं तरी काय केलें?" असें निघून जाईल. त्या वेळीं चालकानें उपदेश करूं नये, कीं कोणाची बाजूही घेऊं नये. "हें गोष्टींत कोठें दिसतें?" एवढेंच शांतपणें विचारावें. सर्वांचे डोळे पुस्तकाकडे वळतात, पान उघडलें जातें, आणि बैठक मोडतां मोडतां वांचते. आधार दाखविण्याचा नियम अशा वेळीं सलोख्याच्या उपयोगीं पडतो.

दुसरी एक अडचण परकेपणाची. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९० साली शेक्सपिअरच्या ऑथेल्लोला 'झुंझारराव' करून मराठी प्रेक्षकांपुढें उभें केलें. पात्राला मराठी नांव व मराठी वेष देऊन तें घरचें करून घेण्याची ही वाट. आजचीं भाषांतरें बहुधा मूळचीं नांवें, अन्न व चालीरीती तशाच ठेवतात. त्यामुळें वाचक पहिल्या दहा पानांतच अडखळतो. चालकानें पात्रांच्या नांवांची एक यादी व देशकालाच्या चार ओळी आधीं हातीं द्याव्या. त्याहून अधिक माहिती सांगत बसूं नये. चर्चेंत मात्र त्यानें दोन्ही टोंकें संभाळावीं. कोणी "हें अगदीं आपल्यासारखेंच" म्हणाला, तर वेगळें काय आहे तें विचारावें, कोणी "हें त्या लोकांचें, आपल्याला काय त्याचें?" म्हणाला, तर ओळखीचें काय वाटलें तें विचारावें.

व्यवहाराच्या कांहीं गोष्टीही लक्षांत ठेवाव्या. प्रथम लहान कथा घ्यावी, जाडजूड कादंबरी नंतर. मंडळी दहा-पंधराच असावी आणि शक्य तर चालक दोन असावे, म्हणजे एक विचारीत असतां दुसरा कोण बोललें नाहीं तें पाहील. फार बोलणाऱ्याला थांबविण्यापेक्षां गप्प बसलेल्याला नांवानें विचारावें. घरांतील वडील मंडळींसमोर सून किंवा शाळकरी मुलगा आपलें मत सांगत असेल, तर तें पुरें होईपर्यंत कोणास मध्यें पडूं देऊं नये.

वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांचें लिखाण रशियन भाषेंत गेलें, आणि १९६१ साली ते स्वतः रशियाचा प्रवास करून आले. वारणेकांठचीं माणसें त्या दूरच्या वाचकांनाही परकींच होतीं, त्यांचीं नांवेंही उच्चारावयास कठीण होतीं. तरी त्यांनीं तीं वाचलीं. त्यांच्या पाहोमला तितकाच वेळ आणि तितकेंच लक्ष सातारा-सांगलीच्या एखाद्या वाचनालयांत मिळावें, आणि तें मिळवून देण्यासाठीं महिन्यांतील एक संध्याकाळ कोणी तरी आपण होऊन द्यावी. या कामाला मोठी विद्वत्ता लागत नाहीं. पुस्तक दोनदां वाचण्याची चिकाटी आणि दुसऱ्याचें बोलणें पुरें होऊं देण्याचा धीर असला म्हणजे पुरे.