थिरथिऱ्याची तारीख

आमच्या आजोबांच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब असे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख असे आणि ऑक्टोबरच्या एखाद्या चौकटीत बारीक अक्षरात ‘थि. आला’ असे लिहिलेले असे.

थि. म्हणजे थिरथिरा. चिमणीपेक्षा जरा सडपातळ, वजन जेमतेम १५ ग्रॅम. नराचे डोके-छाती काळी आणि पोट विटकरी, मादी मातकट. बसल्या जागी शेपटी सारखी थरथरत असते, नाव त्यावरूनच. हिमालय, तिबेट, मध्य आशियाच्या खडकाळ उंचीवर पिल्ले काढायची आणि थंडीत आमच्या वडोदऱ्याच्या मागच्या अंगणात यायचे, असा त्याचा नेम. असले छोटे पक्षी बहुधा रात्री उडतात. रात्री हवा गार असते, शिकारी पक्ष्यांची भीती कमी. दिशा कळते ती ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावरून. (नेट गेले की आमचे ॲप मात्र भांबावते!)

भोरड्या त्याच्याही आधी, पावसाळा सरता सरता येतात. पण त्या येतात थव्याने, कलकलाट करत. त्यांच्याकडे लक्ष जातेच. थिरथिरा एकटा येतो.

गेल्या वर्षी सोसायटीने मागच्या सगळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरवले. थिरथिरा कुंपणावरून जमिनीवर झेपावून किडे-मुंग्या टिपतो. ब्लॉकवर त्याला काय मिळणार? मीटिंगमध्ये हे बोललो तर लोक हसले. मग घरी जाऊन आजोबांची जुनी कॅलेंडरे घेऊन आलो. एक काका चष्मा लावून पाने उलटत बसले. “दर वर्षी याच सुमाराला?” शेवटी कडुनिंबाखालचा पट्टा तेवढा मातीचा राहिला.

ऑक्टोबर उजाडला. दसरा झाला, तो नाही. मी रोज चहाचा कप घेऊन मागे उभा. आई म्हणाली, “अरे, ऑफिसला जा आता.” आणि एका सकाळी कुंपणाच्या तारेवर ती शेपटी थरथरताना दिसली! मी ईबर्डवर नोंद केली, आईने कालनिर्णयावर.

आजोबांच्या एकाही कॅलेंडरवर ‘थि. गेला’ असे मात्र नाही. येतो तो दिवस कळतो. गेल्याचे चार-आठ दिवसांनी लक्षात येते. म्हणून यंदा दिसेल त्या दिवशी चौकटीत टिंब द्यायचे ठरवले. शेवटचे टिंब २७ मार्चला आहे.