साल सोललेले झाड का मरते?

मनमाडसारख्या पाणीटंचाईच्या गावी शाळेच्या आवारातील रोप मोठ्या कष्टाने जगवावे लागते. अशा रोपाची साल शेळीने सभोवार कुरतडली किंवा कुंपणाची तार बुंध्यात रुतली, तर पाणी घालूनही ते काही काळाने मरते. याचे कारण शिक्षकांनी विद्यार्थ्यांस अवश्य समजावून द्यावे.

मुळांनी शोषलेले पाणी लाकडातील जलवाहिन्यांतून वर चढते. पानांत तयार झालेली साखर मात्र सालीच्या आतल्या थरातील रसवाहिन्यांतून मुळांकडे व फळांकडे जाते. रसवाहिनीत लांबट पेशी एकापुढे एक जोडलेल्या असून त्यांमधील पडद्यांना चाळणीसारखी छिद्रे असतात. या चाळणी-नलिकांचे वर्णन जर्मन वनशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग यांनी १८३७ साली केले. पक्व झाल्यावर या पेशींत केंद्रक उरत नाही. तरी त्या जिवंत राहतात, कारण शेजारच्या सहपेशी त्यांचा निर्वाह चालवितात. पानाकडील टोकाशी साखर भरली, की तेथे पाणी ओढले जाऊन दाब वाढतो आणि रस कमी दाबाच्या बाजूस वाहू लागतो.

कसमादे भागातील डाळिंबाची गुटी हे याचे उत्तम प्रात्यक्षिक होय. फांदीवरील सालीचे वलय काढून तेथे ओले शेवाळ बांधतात. पाने हिरवीच राहतात. अडलेला अन्नरस व वाढीची द्रव्ये साचून वरच्या कडेस मुळे फुटतात. हीच जखम बुंध्यास झाली, तर खालची मुळे उपाशी राहून झाड वाळते.

म्हणून वर्गात गुटी दाखवावी, आणि धडा संपताच मुलांकडून प्रत्येक रोपाच्या बुंध्याची तार सैल करून घ्यावी.